मोडलेला आस, विभागलेली जबाबदारी

अमेरिकेच्या महामार्गांवर धावणारी मोठी मोटरहोम म्हणजे चाकांवर उभारलेले घरच होय. स्वयंपाकघर, न्हाणीघर, पाण्याच्या टाक्या, जनित्र आणि कुटुंबाचे सामान यांसह तिचे वजन पंधरा-वीस टनांपर्यंत जाते. हा भार पेलणारा आस, म्हणजेच ॲक्सल, वाकला वा तडकला तर खर्च कोणी सोसावयाचा? प्रश्न वरकरणी यांत्रिक, पण मुळात आर्थिक आहे.

आस सहसा एकाएकी मोडत नाही. प्रथम टायरची एकच कड झिजते, चाक कलते, वेल्डिंगजवळ केसाएवढी चीर दिसते. मालक टायर बदलतो, चाकांची जुळणी करून घेतो; आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! पुढे आस तुटला, तर तुटलेला पृष्ठभागच साक्ष देतो. चीर हळूहळू वाढली असेल, तर तेथे शिंपल्यासारख्या वक्ररेषा उमटतात. त्या जेथून निघतात तेथे घडाईचा दोष आढळला, तर बोट निर्मात्याकडे वळते. न आढळल्यास भाराची चौकशी अटळ ठरते. 1842 साली व्हर्सायजवळ इंजिनाचा आस तुटून झालेल्या भीषण रेल्वे अपघातानंतर धातूच्या या थकव्याचा अभ्यास वेगाने पुढे सरकला.

तथापि साक्ष मिळाली तरी न्याय मिळतोच असे नाही. मोटरहोमची चासी एक कारखाना बनवितो, तीवर घर दुसरा बांधतो आणि सामान ग्राहक भरतो. प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवितो. कायद्यानेही हीच फाळणी मान्य केली आहे. कॅलिफोर्नियाच्या ग्राहक-हमी कायद्यात सदोष नव्या मोटारीविषयीचे विशेष संरक्षण मोटरहोमच्या चासीला व चालक यंत्रणेला मिळते, निवासी भागाला नाही. आस मात्र दोहोंचे ओझे वाहतो! 2007 च्या संघीय नियमाने वाहनावर भारक्षमतेची पट्टी सक्तीची केली. पण ती माणसे व सामान यांचा एकूण भार सांगते. एका बाजूस फ्रीज, कपाटे व सरकत्या खोल्या एकवटल्या, तर एकूण वजन मर्यादेत राहूनही एकाच चाकावर अतिभार पडू शकतो.

आपल्याकडील एसटीचे उदाहरण येथे उद्बोधक ठरावे. महामंडळाने वर्षानुवर्षे चासी विकत घेऊन दापोडीसारख्या स्वतःच्या कार्यशाळांत बसबांधणी केली. तेथे बांधणारा, चालविणारा आणि दुरुस्त करणारा एकच. बांधणीतील चुकीची किंमत त्याच तिजोरीतून जाते. मोटरहोमच्या बाजारात नफा बांधणाऱ्याचा आणि तोटा ग्राहकाचा होण्याची वाट मोकळी राहते.

उपाय अवघड नाही. विक्रीपूर्वी प्रत्येक चाकावरील भार स्वतंत्रपणे मोजून त्याचा दाखला ग्राहकास द्यावा आणि मोडलेल्या आसाची तपासणी त्रयस्थाकडून व्हावी. वजनाची नोंदच नसेल, तर दोष सिद्ध करण्याचे ओझे अखेर त्याच्याच माथी येते, ज्याच्याजवळ ना प्रयोगशाळा असते, ना वकिलांची फौज.