आम्ही मूळचे कुठले?

बंगळूरच्या अनेक मराठी घरांत एक वाक्य हमखास ऐकू येते, ‘आम्ही शहाजीराजांबरोबर इकडे आलो.’ पण कोण आले, कोणत्या गावाहून आले, असे घरातल्या नातवाने विचारले की मोठी माणसे एकमेकांकडे पाहू लागतात.

या वाक्याला इतिहासाचा आधार आहे. १६३८ साली विजापूरच्या रणदुल्लाखानाने बंगळूर जिंकले आणि ते शहाजीराजांना जहागीर म्हणून मिळाले. त्यांच्यामागून शिलेदार, कारकून, पुरोहित आले. पुढे व्यंकोजीराजांनी तंजावरला राज्य स्थापले. १६८७ साली बंगळूर म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयरांकडे गेले, तरी कितीतरी मराठी कुटुंबे इथेच राहिली.

मात्र सगळीच घराणी तेव्हाची नाहीत. टिपूविरुद्धच्या १७९१-९२ च्या मोहिमेत हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा या मुलखात होत्या. व्यापार आणि नोकरीनिमित्त तर लोक नंतरही येत राहिले. म्हणूनच घरात चालत आलेली गोष्ट एकदा तपासून पाहावी.

हा शोध शहाजीराजांपासून खाली नव्हे, तर स्वतःपासून वर न्यावा. एका पिढीला पंचवीस-तीस वर्षे धरली, तर १६३८ पर्यंत तेरा ते पंधरा पिढ्या होतात. श्राद्धाच्या संकल्पात वडील, आजोबा, पणजोबा ही तीन नावे येतात. बहुतेकांची माहिती तिथेच संपते.

त्यापुढे तीर्थक्षेत्रे उपयोगी पडतात. त्र्यंबकेश्वर, नाशिक, हरिद्वार येथील उपाध्यायांच्या वह्यांत यात्रेला आलेल्यांची नावे, गाव आणि नातेवाईक नोंदवलेले असतात. दक्षिणेत अनेकांची आडनावे मागे पडून नावापुढे नुसते ‘राव’ उरले. अशांनी गोत्र, कुलदैवत आणि मूळ गाव विचारून घेऊन जावे. कुलदैवत तुळजापूरचे की जेजुरीचे, एवढ्यावरूनही धागा सापडू शकतो.

घरातील जुने मोडी कागद रद्दीत देऊ नयेत. त्यांवर शके असेल, तर त्यात ७८ मिळवून इसवी सन साधारण कळतो. सुहूर सन असेल, तर ५९९ किंवा ६०० मिळवावे. मोडी येत नसेल, तर जाणकाराकडून कागद वाचून घ्यावा. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून अशा कागदांवर काम करीत आहे.

शोधाअंती पूर्वज सरदार नव्हे, साधा कारकून किंवा शिंपी निघाला तर हिरमुसण्याचे कारण नाही. परमुलखात त्याने संसार उभा केला, मुलांना आपली भाषा दिली, हे काय थोडे झाले?

तंजावरच्या भोसल्यांनी आपला इतिहास १८०३ साली बृहदीश्वराच्या भिंतीवर मराठीत कोरून ठेवला. सामान्य घराला अशी भिंत नसते, तिथे आजी असते. वंशावळीत बहुधा पुरुषांचीच नावे सापडतात. पणजीचे नाव काय, तिचे माहेर कुठले, हे आजीलाच ठाऊक असते. वह्या आणि कागद पुढच्या वर्षीही पाहता येतील. आजीला मात्र आजच विचारावे, आणि ती सांगेल ते तिच्यासमोर बसून लिहून घ्यावे.