घरपट्टीतली सूट आणि आजोबांच्या नावावरचे घर

घरमालकाने पावसाचे पाणी साठवले, छपरावर सौर पॅनेल बसवले, ओल्या कचऱ्याचे खत केले, तर महापालिकेने त्याला करात सूट द्यावी, हा विचार आता आपल्याकडे बराच रुळला आहे. पुणे महापालिकेने तर तो कधीचाच अमलात आणला. यांपैकी एक सोय घरी असेल तर सर्वसाधारण करात ५ टक्के सूट, दोन किंवा अधिक असतील तर १० टक्के. केंद्र सरकारची सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली, तिच्यात ३ किलोवॉटच्या संचाला ७८ हजार रुपये अनुदान ठरले. कल्पना उत्तमच आहे. पण पणजीत ती राबवताना इथली घरे कशी आहेत आणि कागदावर ती कोणाची आहेत, हे आधी पाहायला नको का?

पाण्याचेच घ्या. पणजीला पाणी येते ते ओपाहून, खांडेपार नदीचे. ऑगस्ट २०१९ मध्ये खांडेपारजवळ जलवाहिनी फुटली आणि अख्खी तिसवाडी कित्येक दिवस टँकरची वाट पाहत बसली. महिना ऑगस्टचा, बाहेर पाऊस कोसळतोय, आणि नळ कोरडे! आपल्याकडे वर्षाला सुमारे ३ मीटर पाऊस पडतो. म्हणजे शंभर चौरस मीटरच्या छपरावर वर्षाकाठी जवळजवळ ३ लाख लिटर पाणी पडते आणि गटारातून मांडवीला जाते. ज्यांच्या परसात जुनी विहीर उपसून, साफ ठेवलेली होती, त्यांना अशा वेळी टँकरमागे धावावे लागत नाही.

आता गंमत बघा. मळ्यात किंवा फोंतेन्यसमध्ये एक जुने घर आहे असे समजू. चिऱ्याच्या जाड भिंती, उतरते कौलारू छप्पर, मधे राजांगण, मागे विहीर, परसात माती आणि चार माड. या घरात दुपारी पंखा लागतो, एसी लागत नाही. अंगणात पडलेला पाऊस तिथेच जिरतो. दर वर्षी मे महिन्यात कौले परतायची, फुटलेली बदलायची, वासे वाळवीने पोखरले नाहीत ना ते बघायचे, हा खर्च मालक मुकाट्याने करतो. (त्यात हल्ली कौले परतणारा माणूस मिळणे म्हणजे मुलीला स्थळ मिळण्याहून कठीण.) या घराला सूट किती? शून्य. कारण त्याने नवीन काही विकत आणलेले नाही, दाखवायला बिल नाही.

शेजारच्याने तसलेच घर पाडले, स्लॅब घातला, परसभर पेव्हर बसवले, विहीर बुजवली. मग प्लास्टिकची टाकी आणि दोन पॅनेले आणली. सूट त्याला! पाडताना जे गेले त्याचा हिशेब कोणत्याच अर्जात मागत नाहीत. मला हा उलटा न्याय वाटतो. पणजीचा बराच भाग मुळात दलदलीत भर घालून उभा राहिला आहे. भरती आणि मुसळधार पाऊस एका वेळी आले की पाणी जायला जागा उरत नाही. अशा शहरात उघडी ठेवलेली माती हीसुद्धा नगरसेवाच आहे. तिला घरपट्टीत मोल मिळाले पाहिजे.

दुसरी अडचण खास आपली. आपल्याकडे मालमत्तेचा निम्मा हिस्सा मुलांना द्यावाच लागतो. पोर्तुगीज कायद्याची ही रीत २०१२ च्या उत्तराधिकार कायद्यानेही राखली. मुलींनाही समान वाटा देणारी ही रीत चांगलीच, पण इन्व्हेंटरी न झालेल्या घराची तीन पिढ्यांत काय अवस्था होते ते सांगायला नको. घर आणि विजेचे मीटर आजोबांच्या नावावर, आणि वारस लिस्बन, मुंबई, टोरोंटो असे विखुरलेले. घरात राहते एकटी विधवा आत्या. छप्पर गळते तिच्या डोक्यावर, पण अर्जावर सही करायचा अधिकार तिला एकटीला नाही. कित्येक घरांत १९६८ च्या भाडेनियंत्रण कायद्याखालचे भाडेकरू आहेत. मालकाला भाडे इतके कमी मिळते की तो दुरुस्ती करीत नाही, आणि भाडेकरू म्हणतो, परक्याच्या घराला मी का खर्च करू? टक्क्यातली सूट या दोघांपर्यंत पोचतच नाही. शिवाय जुन्या घराची घरपट्टी मुळातच थोडी, तिचे १० टक्के म्हणजे कौलांच्या गाडीभाड्यालाही पुरायचे नाहीत.

म्हणून पणजीतली योजना वेगळी हवी. सूट कराच्या टक्क्यांत देण्याऐवजी कौले, वासे, विहिरीचा उपसा यांच्या खर्चाचा ठरावीक वाटा थेट द्यावा. तो घरात प्रत्यक्ष राहणाऱ्याला मिळावा. त्यासाठी इतर वारसांची मालकी अबाधित राहील असे प्रतिज्ञापत्र पुरे मानावे, म्हणजे भांडणे कोर्टात चालू राहिली तरी छप्पर वाचेल. पुढच्या वर्षी कोणीतरी येऊन विहिरीत पाणी आहे का ते डोकावून पाहावे, नाहीतर कागदावरच्या टाक्या वाढतील. आणि संवर्धन विभागातल्या घरांना दुरुस्तीची परवानगी एप्रिलअखेर हातात पडली पाहिजे. जूनच्या पाच तारखेला मिळालेल्या परवानगीने छपरावर चढायला कोणी तयार होत नाही.