फलकावरचा 'येता रविवार'

आमच्या संगीतमंडळाचा सूचनाफलक जिन्याच्या पहिल्या वळणावर टांगलेला आहे. सागवानी चौकट, आत हिरवे कापड, वर काच आणि काचेला कुलूप, असा त्याचा थाट. परवा एक पाहुणे गृहस्थ तो मोठ्या आस्थेने वाचीत उभे होते. मला पाहून म्हणाले, "मास्तर, येत्या रविवारी बैठक आहे तर! मग मी परतीचे तिकीट एक दिवस पुढे ढकलतो." मी काचेला नाक लावून पाहिले. 'येत्या रविवारी सायंकाळी सहा वाजता' असे सुवाच्य अक्षरात लिहिलेले होते. तारीख नाही, साल नाही. तो रविवार येऊन गेल्याला दोन वर्षे झाली होती. अक्षर माझेच होते.

हौसेने चालणाऱ्या मंडळांचे हे दुखणे बडोदेकरांना नवे नाही. दांडिया बाजार, रावपुरा या भागांत आपल्या लोकांनी किती मंडळे काढली आणि चालविली: भजनाची, नाटकाची, गाण्याची, व्यायामाची. पगारी माणूस एकही नाही. कोणी बँकेतून दमून येतो, कोणी पेन्शनर असतो, माझ्यासारखा कोणी शिकवण्या उरकून येतो. गवयाला स्टेशनवरून आणणे, तबलजी गाठणे, सतरंज्या घालणे, या सगळ्याला हात पुढे येतात. त्यात गंमत आहे, शिवाय चार माणसे पाहतात. फलकावरचा जुना कागद काढण्यात कसलीच गंमत नाही आणि ते कोणी पाहतही नाही. म्हणून ते राहते. राहता राहता आम्हांला वाटू लागते की ते क्षुल्लकच आहे.

ते क्षुल्लक नाही हे मला एका प्रसंगाने कळावयास हवे होते. मांजलपूरकडे राहणारे आमचे एक जुने सभासद होते. वय ऐंशीच्या पुढे, पण बैठक चुकवावयाची नाही हा नेम. मोबाइल त्यांच्याजवळ नव्हता. मुलाबरोबर या बाजूला आले की फलक वाचीत आणि खिशातल्या छोट्या वहीत टिपून घेत. एकदा आयत्या वेळी आम्हांला सभागृह बदलावे लागले. आम्ही एकमेकांना फोन केले, निरोप धाडले. फलक बदलावयाचा राहिला. ठरल्या दिवशी ते रिक्षाने आले, दोन जिने चढले, दाराला कुलूप पाहिले आणि पायरीवर बसून राहिले. गाणारे लोक, उशीर व्हायचाच, असे त्यांना वाटले असावे. खालच्या दुकानदाराने तासाभराने त्यांना रिक्षात बसवून दिले. ते पुन्हा आले नाहीत. पुढे चार महिन्यांनी वारले.

ते कळूनही सभासदांची यादी कोणी दुरुस्त केली नाही, आणि वर्षअखेरीस वर्गणी थकल्याचे स्मरणपत्र त्यांच्याच नावाने घरी गेले. त्यांच्या सूनबाई ते पत्र घेऊन माझ्या शिकवणीच्या वेळी आल्या. म्हणाल्या, "मास्तर, किती द्यायचे राहिलेत ते सांगा, मी देते. पण पत्र पुन्हा पाठवू नका. सासूबाई वाचतात." समोर मुली पेटी धरून बसल्या होत्या. मला पुढचा सूर सापडेना.

त्यानंतर मला एक सवय लागली. फलकासमोर कोणी उभा राहिला म्हणजे तो काय शोधतो आहे ते पाहावयाचे. त्याला हवे असते एवढेच: गाणे कोणाचे, कोठे, किती वाजता, साथीला कोण, आणि बदल झाल्यास कोणाला विचारावे. वयस्कर माणसाला आणखी एक हवे असते, जिने किती आणि बसावयास खुर्ची मिळेल काय. नव्याने आलेल्याला वर्गणी किती व ती कोणाकडे द्यावयाची हे कळावयास हवे. आमच्या फलकावर यातले काय होते? माजी अध्यक्षांची नामावली, एका सत्काराचा पिवळा पडलेला फोटो (त्यात मीही आहे), मंडळाची घटना, कलम एक ते बावीस, आणि तो 'येता रविवार'. म्हणजे फलक सभासदांसाठी नव्हताच. कार्यकारिणीने स्वतःचे तोंड पाहण्यासाठी लावलेला तो आरसा होता.

इतिहास नको असे मी म्हणत नाही. बडोद्याच्या गाण्याला इतिहास आहे. १८८६ साली मौलाबक्षांची गायनशाळा येथे निघाली, १९१६ साली पहिली अखिल भारतीय संगीत परिषद येथे भरली, फैयाज खाँसाहेबांनी १९५० साली येथेच देह ठेवला. हे सारे दिवाणखान्यात वेगळ्या चौकटीत सुखाने लावा. परंतु ते आणि पुढच्या महिन्याची बैठक एकाच कापडावर टोचली, की वाचणारा दोन्हींवरून सारखीच नजर फिरवून पुढे जातो.

आपण संस्थानी शहरातली माणसे. नोंद ठेवणे, हुकूम छापून लोकांपर्यंत पोचविणे, हे आपल्याला कोणी परक्याने शिकवावे अशी स्थिती नाही. सयाजीराव महाराजांच्या राज्यात सरकारी हुकूम 'आज्ञापत्रिके'त छापून येत. दरबारच्या गवयांनासुद्धा कलावंत खात्याचे छापील नियम होते. माझे वडील कोवळ्या वयात त्या चाकरीत लागले आणि थोड्याच वर्षांत, १९४९ साली, संस्थान विलीन झाले. मी त्यांचा उतारवयातला मुलगा. ते सांगत, आज कोणाची पाळी हे विचारीत कोणाच्या दारी जावे लागत नसे. याच महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल आणविले आणि पुढे खेड्यापाड्यांत फिरत्या ग्रंथपेट्या जाऊ लागल्या. त्या पेट्यांतली युक्ती मला फार आवडते. पेटी गावात कायमची राहावयाची नाही. मुदत संपली की ती परत यावयाची आणि दुसरी जावयाची. जुने बाहेर पडण्याची सोय नवे येण्याच्या सोयीइतकीच पक्की. आमच्या फलकाला नेमकी तीच सोय नाही. टाचणी टोचणारे दहा, काढणारा एक नाही.

कोणी म्हणेल, तेथे पगारी कारकून होते, येथे हौस आहे. आमच्या कार्यकारिणीतले एक स्नेही हेच म्हणतात: "मास्तर, फुकट राबणाऱ्याला नियम लावाल तर आहे तोही जाईल." त्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. हौशी माणसाला धाक घालता येत नाही. म्हणूनच त्याच्यावर थोडे काम टाकावे आणि ते नावानिशी टाकावे. सूनबाई येऊन गेल्यानंतर 'फलक व यादी यांकडे सर्वांनी लक्ष द्यावे' असा ठराव आम्ही तीन सभांत केला. तिन्ही वेळा तो एकमताने मंजूर झाला. तंबोरा असा सर्वांनी मिळून जुळत नाही. तो एकाने जुळवावयाचा, आणि प्रत्येक बैठकीला नव्याने. मागच्या महिन्यात जुळविला होता असे सांगून कोणी गावयास बसत नाही. पावसाळ्यात तर एका गाण्यात दोनदा खुंटी पिळावी लागते.

मला सुचते ते असे. महिन्यातून एकदा, ठरल्या दिवशी, एका माणसाने फलक उघडावा. आधी काढावे, मग लावावे. प्रत्येक कागदाच्या तळाशी लावल्याची तारीख, काढावयाची तारीख आणि लावणाऱ्याचे नाव असावे. आमच्याकडे आता गुजराती सभासदही पुष्कळ आहेत. तेव्हा सूचना दोन्ही भाषांत हवी. सभासदांची यादी त्याच दिवशी चाळावी: कोण गेले, कोणाचे बिऱ्हाड बदलले. आणि काही ठरले नसेल तर 'पुढील बैठक अद्याप ठरलेली नाही' असे सरळ लिहावे. ही चिठ्ठी लावावयास आम्हांला लाज वाटते आणि खोटा रविवार दोन वर्षे टांगावयास वाटत नाही, याचे नवल आहे.

किल्लीचे सांगावयाचे राहिलेच. आमच्या फलकाची किल्ली एकच, ती पूर्वीच्या चिटणीसांकडे असे. ते मुलाकडे पुण्यास राहावयास गेले, तेव्हा जुडग्याबरोबर ती किल्लीही पुण्यास गेली. मग आम्ही नवे कागद काचेवर बाहेरून चिकटवू लागलो. उन्हाने चिकटपट्टी सुटली की नवी सूचना जिन्यात पडे आणि आतली जुनी पुन्हा राज्य करी. पत्त्यांची वहीही त्यांच्याच घरी. माणूस सज्जन, चूक त्यांची नव्हे. सगळे मंडळ एका खिशात ठेवणाऱ्या आम्हा सर्वांची.

तरुण मंडळी म्हणतात, फलक उतरवा, हल्ली सगळे मोबाइलवर असते. असते खरे. पण तेथेही सुप्रभाताची फुले, वाढदिवस आणि अभिनंदने यांच्या ढिगात बैठकीचा निरोप दुपारपर्यंत गाडला जातो. जागा बदलली तर जुना निरोप तसाच राहतो, नवा कोठेतरी खाली येतो, मग कोणी विचारतो, "नक्की कोठे?" आणि तिघे तीन उत्तरे देतात. मोबाइल जरूर वापरावा. मात्र मूळ सूचना एकाच ठिकाणी, एकाच माणसाने दुरुस्त करावी आणि बाकीच्यांनी तीच पुढे धाडावी.

पाहुण्यांना मी खरे ते सांगितले. ते हसले आणि तिकिटाचे राहू दिले. त्या संध्याकाळी शिकवणी झाल्यावर एका विद्यार्थ्याला घेऊन गेलो. कुलूप गंजलेले; पक्कड लावून कडीच उचकटावी लागली. हिरव्या कापडावरून सत्तावीस कागद निघाले. सत्काराचा फोटो विद्यार्थ्याने मला दिला, तो मी घरी आणला. फलकावर आता एकच कागद आहे. त्यावर तारीख, वार, साल, सभागृह, दोन जिने चढावे लागतील ही सूचना, कागद काढावयाचा दिवस आणि माझे नाव आहे. काचेला नवे कुलूप घ्यावे असे कोषाध्यक्षांचे म्हणणे आहे. मी अजून घेतलेले नाही.