वणवा मे महिन्यात लागत नाही

उत्तराखंडातील अरण्यांवर धूर दिसू लागला की राजधानीत बैठकांना ऊत येतो. २०१६ मध्ये हवाई दलाची हेलिकॉप्टरे भीमतालचे पाणी उचलून आगीवर ओतत होती. २०२४ च्या एप्रिलमध्ये तेच दृश्य पुन्हा दिसले. छायाचित्रे उत्तम आली. जून २०२४ मध्ये अल्मोड्याजवळच्या बिनसर अभयारण्यात आग विझवावयास गेलेले वनकर्मचारी होरपळून मेले, तेव्हा मात्र त्यांच्या हाती काय साधने दिली होती, हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला.

मी अशाच एका डोंगरी जिल्ह्यात काही काळ काम केले आहे. वणवा विझवणे हे कर्तृत्व आणि तो लागू न देणे हे किरकोळ काम, अशी आपल्या प्रशासनाची समजूत आहे. माझे भांडण तिच्याशी आहे. चिडाच्या सुया, ज्यांना तिकडे पिरूल म्हणतात, मार्चपासून गळू लागतात. त्यांत राळ असते. थर साचला की एक ठिणगी पुरते. म्हणून जाळरेषा हिवाळ्यातच साफ करावयास हव्यात, नियंत्रित जाळणी उन्हे तापण्यापूर्वी आटोपली पाहिजे, आणि गावालगतचा पाचोळा ऐन गळतीच्या दिवसांत सतत उचलला गेला पाहिजे. नोव्हेंबरात मागितलेला याचा निधी मला एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मिळाला. खर्च न केल्याबद्दल खुलासाही मागवण्यात आला!

गावकरीच आगी लावतात, असे आमचे वरिष्ठ सांगत. काही लावतात, हे मी नाकारीत नाही. कोवळ्या गवतासाठी डोंगर पेटवण्याची चाल जुनी आहे. परंतु हाच गावकरी पूर्वी गुरांच्या अंथरुणासाठी पिरूल फुकट उचलून नेत असे. गुरे घटली, तरुण मैदानात उतरले, पाचोळा जागीच राहिला. १९२१ मध्ये कुमाऊंच्या लोकांनी राखीव जंगलांविरुद्ध बंड केले, आगीही लावल्या. त्यातून पुढे १९३१ मध्ये वनपंचायतींचे नियम आले. गावाला अधिकार दिले तर जंगल टिकते, हे ओळखायला परक्या सरकारला दहा वर्षे लागली. आज अकरा हजारांहून अधिक वनपंचायती आहेत, पण बहुतेकींना स्वतःचा निधी नाही, आणि छोट्याशा कामासाठीही त्यांना वनखात्याचे तोंड पाहावे लागते.

मे २०२४ मध्ये पिरूलचा खरेदीदर किलोला ३ रुपयांवरून ५० रुपये करण्याची घोषणा झाली. हेतू चांगला, मुहूर्त वणव्यानंतरचा! त्याच महिन्यात वनकर्मचाऱ्यांना निवडणुकीच्या कामाला जुंपल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाला राज्याची कानउघाडणी करावी लागली. आदेश काढणारे आमच्यासारखेच कोणी अधिकारी होते. माझ्याही सहीचे असे आदेश त्या जिल्ह्याच्या दप्तरात सापडतील.