थकलेले भाडे कोणाच्या नावावर?

केंद्रावर बाई येते ती मारहाणीची, पोटगीची, मुलांच्या ताब्याची तक्रार घेऊन. खोलीचे भाडे थकले आहे, हे ती तिसऱ्या भेटीत उठता उठता सांगते. नवऱ्याने मारले हे सांगायला बायका आता कचरत नाहीत. उधारी सांगायची मात्र लाज वाटते. संघटनाही हा प्रश्न 'पैशांचा' म्हणून बाजूला ठेवतात. मला ते पटत नाही. छप्पर गेले की बाई मुकाट त्याच नवऱ्याच्या दारात परत जाते.

गेल्या वर्षी पुण्यातल्या एका जुन्या चाळीत अशाच एका मैत्रिणीबरोबर मालकाकडे गेले. नवरा निघून गेलेला, चार घरची धुणीभांडी. भाडे ३,५०० रुपये; पाच महिन्यांचे १७,५०० थकलेले. मालक म्हणाले, "तुझ्या भावाला पाठव, त्याच्याशी बोलतो." भाऊ मध्ये आला असता तर खोली त्याच्या शब्दावर राहिली असती! ती म्हणाली, "काका, भाडं मी भरते. माझ्याशीच बोला."

मालकांना महिना ३,००० चा हप्ता हवा होता. शेजारणी म्हणाल्या, आत्ता हो म्हण, पुढचे पुढे. माझा याला ठाम विरोध होता. न झेपणारा हप्ता दुसऱ्याच महिन्यात चुकतो आणि मग बाईचा शब्दही जातो. शेवटी भिशीतले २,५०० रोख आणि उरलेले १५,००० दहा हप्त्यांत, असे ठरले. तिचे पगार सात-आठ तारखेला होतात, म्हणून भाड्याची तारीख १ ऐवजी १० केली. हे सगळे कागदावर, तिच्या नावाने, दोघांच्या सह्यांनी. चालू भाड्याची पावती वेगळी, थकबाकीची वेगळी. नाहीतर दिलेला पैसा कुठे जमा धरायचा हे मालक ठरवतो आणि चालू भाडेही थकलेले दिसते.

हे मालकाचे उपकार नव्हेत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे भाड्याची लेखी पावती देणे मालकावर बंधनकारक आहे. करार लिहून नोंदवण्याची जबाबदारीही त्याचीच. तो नसेल तर, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबद्दल भाडेकरूचे म्हणणे धरले जाते. कलम १५ नुसार थकबाकीची लेखी नोटीस मिळाल्यावर ९० दिवस दावा लावता येत नाही. दावा लागलाच, तर समन्सनंतर ९० दिवसांत थकबाकी, सालीना १५ टक्के सरळव्याज आणि दाव्याचा खर्च भरला, पुढचे भाडेही भरत राहिले, तर ताबा जात नाही. 'लीव्ह अँड लायसन्स'वर राहणाऱ्या बाईला मात्र या कलमाचा आधार नाही. तिची सगळी भिस्त बोलणीवर, म्हणून तिचा कागद आणखी पक्का हवा.

काही कार्यकर्त्या म्हणतात, बचत गटातून किंवा मायक्रोफायनान्सकडून कर्ज काढून एकदाचे फेडून टाकावे. म्हणजे बिनव्याजी थकबाकीचे व्याजी कर्ज करायचे आणि दर आठवड्याला हप्तेवाला दारात! मालकाचेही पोट भाड्यावर असते, हे मी नाकारत नाही. पण २०२० च्या टाळेबंदीत राज्याच्या गृहनिर्माण विभागाने भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकलण्याची सूचना मालकांना केली होतीच. थांबता येते.

आणि तो निघून गेलेला नवरा? हिशेबात त्याचे नाव कोणी घेतच नाही. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात, कलम १९ खाली निवासाचा आदेश देताना भाडे भरण्याची जबाबदारी मॅजिस्ट्रेट प्रतिवादीवर टाकू शकतात. आपल्या अर्जांत पोटगीचा आकडा असतो, भाड्याचा बहुधा नसतो. पुढचा अर्ज लिहिताना थकलेले महिने बाईला विचारा, मोजा, आणि रकमेसकट त्यात घाला.