नखरे कुणाचे?

दिवाळीच्या फराळाला चार घरची मंडळी जमली की एक तक्रार हमखास कानी येते : "गुरुजी, आमचं पोट्टं काईच खात नाई हो!" सांगणाऱ्यांचा चेहरा पाहावा. चिंतेपेक्षा कौतुकच त्यावर अधिक. जणू न खाणे हे खानदानीपणाचे लक्षण! आणि नेमके त्याच वेळी ते 'काहीच न खाणारे' चिरंजीव कोपऱ्यात बसून चकल्यांचा डबा रिकामा करीत असतात.

मी काही डॉक्टर नव्हे, साधा शाळामास्तर. परंतु पोरांना जेवताना रोज पाहतो, आणि त्या बळावर सांगतो की नखरे पोरांचे नाहीत, आपले आहेत.

पुरावा हवा? शाळेत मधल्या सुट्टीला या. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने शाळेत शिजवलेले अन्न द्या, असा आदेश दिला, आणि पुढे खिचडीची पंगत शाळोशाळी रूढ झाली. घरी मटकीला नाक मुरडणारे पोर इथे शेजाऱ्याचे पाहून मटकी चाटूनपुसून खाते. येथे 'बाळा, एकच घास' असे विनवणारे कुणी नसते. नकारही कुणी मनावर घेत नाही. नखरा फुलायला प्रेक्षक लागतो, वाचकहो!

आता घराकडे वळू. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात पावसाळ्यात तरोटा, कटुर्ली, मग अंबाडी, थंडीत हरभऱ्याचा कोवळा पाला आणि ज्वारीचा हुरडा. वर्षभराचे ताट शेतातच मांडलेले असे. पुढे शेतात सोयाबीन पसरले, ज्वारी आक्रसली, आणि भाकरी 'गरिबाचे खाणे' ठरली. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे म्हणून साजरे केले, तेव्हा आम्ही पोरांच्या हाती पाच रुपयांचा बिस्किटपुडा देत होतो. आधी शेत अरुंद केले, मग ताट. आणि बोल मात्र पोराच्या जिभेला!

सरकारही या पापातून सुटत नाही. २०२३ च्या अखेरीस पोषण आहारात आठवड्याला एक अंडे आले, न खाणाऱ्यांना केळे. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्याचा खर्च देणे थांबवले आणि अंडे द्यायचेच तर लोकवर्गणी काढा, म्हणून सांगितले. ज्या पोरापुढे पदार्थच येत नाही, त्याला तो आवडावा कसा?

कुणी म्हणेल, दिवसभर शेतात राबणाऱ्या बाईने पाले निवडत बसावे काय? मुळीच नाही. माझा रोख बाईवर नाहीच. तो ताटावर आयता बसणाऱ्या बाप्यावर आहे. त्यांत मीही आलो. माझी मुलगी अंबाडी खाईना. मी रागावलो, दटावले, चॉकलेटचे आमिष दाखवले. तेव्हा आमच्या घरच्या मंडळींनी शांतपणे विचारले, "अहो, पण तुम्ही कधी खाल्लीत?" मी निरुत्तर झालो, अंबाडी वाटीत तशीच टाकून उठायची सवय माझीच होती!

त्या दिवसापासून मुकाट्याने खाऊ लागलो : ज्वारीच्या कण्या घातलेली, वर लसणाची फोडणी. मुलीला आग्रह केला नाही. ताटाच्या कडेला चिमूटभर वाढून ठेवली. पाने खुडायला तिलाच बसवले. बालआहाराचे जाणकार सांगतात की नवी चव अंगवळणी पडायला ती दहा-पंधरा वेळाही पुढे यावी लागते. आणि आमिष दाखवले तर मूल आमिषावर प्रेम करते, भाजीवर नव्हे. आपण तिसऱ्याच दिवशी 'याला आवडत नाही' असा शिक्का मारून मोकळे होतो! आमच्या घरी महिना लागला. एके दिवशी तिने आपणहून वाटी पुढे केली.

तेव्हा, बापहो, या दिवाळीत पोराला उपदेश नको. भाऊबीजेच्या पंगतीत तुम्हाला न आवडणारी एक भाजी त्याच्यादेखत, तोंड वाकडे न करता, खाऊन दाखवा. आधी आपले नखरे सोडू; पोरांचे आपोआप सुटतील.