काळे कपडे, काळी माती आणि पाच पिक्चर

"कोन मरनं व, पोरी?"

मेसमधल्या मावशींनी मला हा प्रश्न फर्स्ट इयरला विचारला होता. माझा अवतार असा : काळा कुर्ता, काळी ओढणी, काळं नेलपेंट आणि डोळ्यांत जरा जास्तच काजळ. मावशी धुळ्याकडच्या, बोलणं अस्सल अहिराणी, हातात वरणाचा डाव. मी पडले कॉन्व्हेंटची. शाळेत मराठी होती ती मार्कांपुरती, आणि अहिराणी तर परीक्षेलाही नव्हती! अर्थ रूममेटने सांगितला : कोण मेलं गं? मी हसून म्हटलं, "कुणी नाही मावशी, फॅशन आहे."

आता मी थर्ड इयरला आहे, आणि ते उत्तर चुकलं होतं असं मला वाटतं. म्हणून हा लेख. (शुद्धलेखन सांभाळून घ्या!)

तर मित्रमैत्रिणींनो, माझ्या या अवताराला जगात 'गॉथ' म्हणतात. १९७० च्या दशकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये पंक संगीतातून ही मंडळी निघाली. 'बाउहाउस' नावाच्या बँडचं १९७९ चं एक गाणं यांचं पहिलं गाणं मानलं जातं, आणि ते आहे बेला लुगोसी या नटावर, ज्याने १९३१ साली पडद्यावर ड्रॅक्युला केला होता. पुढे १९८२ मध्ये लंडनला 'बॅटकेव्ह' क्लब सुरू झाला आणि काळ्या कपड्यांना हक्काचा अड्डा मिळाला. म्हणजे बघा, यांचं आणि सिनेमाचं नातं जन्मापासूनचं आहे. भुतांची पूजा वगैरे काही नसते हो! सगळं जग 'बी पॉझिटिव्ह' म्हणत असताना 'आम्हाला दुःखसुद्धा दिसतं' एवढंच ते म्हणतात.

आता हे जळगावात करणं म्हणजे सोपं काम नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास, आणि आपण काळ्या कपड्यांत. ब्लॅक बॉडीचा चॅप्टर मी पुस्तकातून नाही, बसस्टँडवर उभं राहून शिकले. काजळ दुपारी बारापर्यंत हनुवटीवर येतं.

पण मला एक सांगा, काळा रंग आपल्याला खरंच परका आहे का? संक्रांतीला चंद्रकळा काळी. बाळाची तीट काळी. मंगळसूत्राचे मणी काळे. विठोबा काळा. आणि ज्या मातीतल्या कापसावर आपल्यापैकी कितीतरी जणांच्या फिया भरल्या गेल्या, ती मातीही काळीच. शेतकरी तिला काळी आई म्हणतो. तरी पोरीने बिनसणाचं काळं घातलं की अपशकुन!

मागच्या टर्मला हॉस्टेलच्या पिक्चर-नाइटसाठी मी पाच नावं दिली होती. उत्तर आलं, "असले भुताटकीचे पिक्चर नकोत, निगेटिव्ह परिणाम होतो. आणि इंजिनिअर होणार ना तुम्ही?" मग एक कॉमेडी लागली. मीही हसले, खोटं कशाला बोलू? पण माझी यादी खिशातच राहिली. ती इथे देते.

पहिला, नोस्फेराटू (१९२२). जर्मनी, दिग्दर्शक मुर्नाऊ, मूकपट. 'ड्रॅक्युला' कादंबरीवर परवानगी न घेताच काढला. लेखक ब्रॅम स्टोकर वारले होते, पण त्यांची बायको कोर्टात गेली आणि कोर्टाने सगळ्या कॉप्या नष्ट करायचा हुकूम दिला. तरी काही कॉप्या वाचल्या. रक्तपिपासूचा पिक्चर, तो असा सुखासुखी मरतोय थोडाच! यात भुतापेक्षा भीती वाटते ती साथीची. जहाजातून उंदीर येतात, घराघरावर खुणा होतात, रस्त्यातून शवपेट्या जातात. मी हा २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मोबाईलवर पाहिला, तेव्हा आमच्या गल्लीतही दारं बंदच होती. शंभर वर्षांपूर्वीचा माणूस आपली गोष्ट सांगतोय असं वाटलं.

दुसरा, एडवर्ड सिझरहँड्स (१९९०). टिम बर्टनचा. एका शास्त्रज्ञाने माणूस बनवला, पण हात बसवायच्या आधीच तो मेला. बोटांच्या जागी कात्र्याच राहिल्या. थोडक्यात, सबमिशनआधीच गाइड गेला आणि प्रोजेक्ट अर्धवट! डोंगरावर काळा वाडा, खाली गुलाबी-पिवळी टुमदार कॉलनी. कॉलनीतले लोक आधी त्याच्याकडून झाडं कापून घेतात, केस कापून घेतात, कौतुक करतात. आणि एक चूक झाली की त्याच्या मागे लागतात. हॉस्टेलमध्ये कुणाला टोपणनाव पाडायच्या आधी हा पिक्चर जरूर बघा.

तिसरा, महल (१९४९). कमाल अमरोहींचा पहिला पिक्चर. अशोककुमार, मधुबाला, आणि लताबाईंच्या आवाजाला देशभर ओळख मिळवून देणारं ते गाणं. कॅमेरा योसेफ विर्शिंग या जर्मन माणसाचा, म्हणजे नोस्फेराटूच्या देशातली सावली थेट मुंबईत बॉम्बे टॉकीजला आली. आणि 'इंजिनिअर होणार ना' म्हणणाऱ्यांसाठी खास : यात भूत नाहीच! भूत वाटते ती माळ्याची मुलगी निघते. झपाटलेला असतो तो शिकला-सवरलेला नायक.

चौथा, तुंबाड (२०१८). हिंदी असला तरी हाडामांसाने आपला. दिग्दर्शक राही अनिल बर्वे, 'थँक यू मिस्टर ग्लाड' लिहिणाऱ्या अनिल बर्वेंचा मुलगा. मूळ ठिणगी नारायण धारपांच्या गोष्टीची, नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'मुळे सुचलेलं. शूटिंग २०१२ ला सुरू झालं, नंतर पुन्हा केलं गेलं, पिक्चर आला २०१८ मध्ये. (केटीवाल्यांनी धीर धरावा.) तेव्हा बेताचाच चालला, २०२४ मध्ये पुन्हा थिएटरला लागला आणि आधीपेक्षा जास्त चालला. यातला राक्षस सोन्याचा, पण खरा राक्षस हाव. बाप पोराला हिशेब शिकवावा तशी हाव शिकवतो, ते बघून मला आमच्या गावचा वाडा आठवला. वाटणीच्या भांडणात तीस वर्षं कुणी कौल बदललं नाही. एक खोली कायम कुलपात. कुलूप कोणाचं यावरही केस चालू आहे.

पाचवा, लपाछपी (२०१७). विशाल फुरियांचा मराठी पिक्चर. पुढे २०२१ मध्ये 'छोरी' नावाने हिंदीत केला. एक गरोदर बाई, उसाच्या रानातलं एकटं घर, आणि तिची काळजी घेणारी गोड बोलणारी म्हातारी (उषा नाईक... काय काम केलंय!). रान ओळखीचं नसेल तर ऊस काढून तिथे केळी लावा. रावेर-यावलकडच्या केळीच्या बागेत दिवस मावळताना कधी शिरलात? पाच वाजताच आत रात्र होते. गुपित थोडं फोडते, माफ करा. घराभोवती फिरणाऱ्या त्या सावल्यांमागे एकच गोष्ट आहे : नको असलेल्या मुली.

हा पिक्चर मी गेल्या दिवाळीत गावी लॅपटॉपवर बघत होते. आजी शेजारी येऊन बसली. तिला वाटलं, सिरीयल आहे. शेवटपर्यंत एक शब्द बोलली नाही. संपल्यावर तिच्या अहिराणीत म्हणाली, "माझ्यापण दोन होत्या. तुझ्या पप्पांच्या आधी."

मी वीस वर्षांची आहे. हे मी वीस वर्षांत कधी ऐकलं नव्हतं.

"काय झालं त्यांना?"

"दूध प्यायल्या नाहीत," आजी म्हणाली. मग थोडं थांबून, "असं मला सांगितलं."

"नावं काय होती?"

"बारशापर्यंत राहिल्या कुठे?"

त्या रात्री तिने आणखी काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मी कुणावर आरोप करत नाहीये. सांगणारे सगळे गेले, आणि त्या काळी तान्ही मुलं आजारानेही खूप जायची. पण एवढं माहीत आहे की लिंगनिदानबंदीचा कायदा १९९४ चा, आणि तरी २०११ च्या जनगणनेत आपल्या जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे साडेआठशेसुद्धा मुली नव्हत्या. ही जुन्या वाड्यातली गोष्ट नाही. त्या वर्षी मोजलेली मुलं आज माझ्या वयाची आणि माझ्यापेक्षा लहान आहेत. म्हणजे आपल्याच बॅचच्या काही मैत्रिणी कधी आल्याच नाहीत.

आता माझं म्हणणं एका वाक्यात सांगते. हे पिक्चर घाबरवण्यासाठी नाहीत. घरातली कुलूप लावलेली खोली उघडण्यासाठी आहेत. कॉमेडी बघून आजी माझ्याशी हसली असती. पण ते वाक्य बोलली नसती.

एक आक्षेप मात्र मला मान्य आहे. उदासपणाचीही फॅशन होते आणि तिचा धोका आहे. काळं घालून खिडकीत बसलं की आपण फार खोल आहोत असं वाटतं. मी पण बसले आहे. पण फॅशनचं दुःख वेगळं आणि खरं वेगळं. आपल्या मजल्यावर खरोखर कुणी दार लावून बसलं असेल, जेवायला येत नसेल, तर त्याला पिक्चरची यादी पाठवू नका. जाऊन दार वाजवा. नाहीच उघडलं, तर रेक्टर मॅडमना उठवा, रात्रीचे दोन वाजले असले तरी.

दिवाळीहून परत आल्यावर मेसच्या लाइनीत मावशींनी परत तोच प्रश्न विचारला. आता तो आमचा जोकच झालाय. मी या वेळी सांगितलं, "दोन आत्या."

मावशी हसता हसता थांबल्या. डाव तसाच हातात. मागून लाइनीतली पोरं ओरडायला लागली, तेव्हा त्यांनी वरण वाढलं, नेहमीपेक्षा जास्त. कधी, कशा, काहीच विचारलं नाही. मला वाटतं, त्यांना विचारायची गरज नव्हती.

हा लेख छापायच्या आधी मी आजीला फोन केला होता. "लिहू का?" म्हटलं. ती म्हणाली, "लिही. मी थोडीच वाचणार आहे." तेव्हा हे तिच्यासाठी नाही, तुमच्यासाठी आहे. सबमिशन संपलं की पाचांतला एखादा तरी बघा, खोलीतला लाइट बंद करून. आणि दुसऱ्या दिवशी आजीला फोन लावा. जेवलीस का, एवढंच विचारून ठेवू नका.